न फवारल्याचा पुरावा

विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. ऑगस्टमध्ये पऱ्हाटी कमरेला लागली की एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी कामे चाललेली दिसतात. एकीकडे पाठीवर पंप बांधून फवारणी, दुसरीकडे ड्रममध्ये दशपर्णी अर्क ढवळणे. या दोन शेतकऱ्यांपैकी औषध फवारणाऱ्याला बाजारात कोणी काही विचारत नाही. काय फवारले, किती, काढणीच्या किती दिवस आधी, याची नोंद त्याच्याकडे कोणी मागत नाही. जो फवारत नाही त्याला मात्र आपण फवारत नाही हे सिद्ध करावे लागते. तेही दरवर्षी, बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाने, आणि शेजारून वाऱ्यावर येणाऱ्या तुषारांची जबाबदारी अंगावर घेऊन.

सेंद्रिय प्रमाणीकरण समजून घेताना हे उलटे ओझे सतत डोळ्यांसमोर ठेवावे लागते. ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे नाही. सेंद्रिय तूर आणि साधी तूर शेजारी ठेवली तर डोळ्यांना, जिभेला, हाताला फरक कळत नाही. प्रयोगशाळेलाही अर्धाच कळतो. अवशेष सापडले तर शंका घेता येते, पण सापडले नाहीत म्हणून पीक सेंद्रिय ठरत नाही. युरिया टाकलेल्या गव्हात कीटकनाशकाचा अंश कसा सापडेल? म्हणून प्रमाणपत्र दाण्याला मिळत नाही, तो पिकवण्याच्या पद्धतीला मिळते. पद्धत डोळ्यांनीच पाहावी लागते. मग प्रश्न उरतो तो इतकाच की कोणाच्या डोळ्यांनी, आणि त्या पाहणीचे पैसे कोणी द्यायचे.

या कल्पनेचे एक मूळ आपल्या फार जवळ आहे. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1924 पासून इंदूरच्या संस्थेत काम करत होता. शेण, पालापाचोळा, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती यांचे थर लावून कंपोस्ट करण्याची त्याची रीत पुढे जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. ती शिकण्यासाठी त्याने इथल्या शेतकऱ्यांच्या सवयी बारकाईने पाहिल्या होत्या. 1940 साली त्याचे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ आले. 1972 मध्ये फ्रान्समधल्या व्हर्साय इथे सेंद्रिय चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. तोवर नियम चळवळीतल्या मंडळींनी आपसात ठरवलेले होते. अमेरिकेने 1990 साली आणि युरोपीय समुदायाने 1991 साली कायदे केले, तेव्हा ‘सेंद्रिय’ हा शब्द सरकारी झाला. आपल्याकडे हा कायदा शेतकरी किंवा ग्राहकामुळे आला नाही, निर्यातीमुळे आला. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, म्हणजे एनपीओपी, 2001 मध्ये सुरू झाला तो वाणिज्य मंत्रालयाच्या छत्राखाली, आणि राबवणारी संस्था अपेडा. कृषी मंत्रालयाची वेगळी वाट त्यानंतर दहा वर्षांनी निघाली. दोन मंत्रालये, दोन चिन्हे, दोन बाजारपेठा हा गुंता तिथून सुरू होतो.

एनपीओपीची वाट अशी. शेतकरी अपेडाच्या अधिस्वीकृतीप्राप्त प्रमाणन संस्थेकडे अर्ज करतो. सोबत सातबारा, गट नंबर, शेताचा नकाशा, चतुःसीमेला कोणाची शेते आहेत आणि तिथे काय पिकते, मागची काही वर्षे आपल्या रानात काय टाकले, याचा तपशील. मग वर्षाचा आराखडा: कोणते पीक, बियाणे कुठून, खत कुठले, कीड आली तर काय करणार. करार होतो आणि रूपांतरणाचा काळ सुरू होतो. हंगामी पिकासाठी पेरणीपूर्वीची किमान दोन वर्षे, फळबागेसारख्या बहुवर्षीय पिकासाठी काढणीपूर्वीची किमान तीन वर्षे. या काळात रासायनिक खत नाही, कीटकनाशक नाही, तणनाशक नाही, थायरम चोळलेले बियाणे नाही, जनुकबदल केलेले वाण नाही. शहरी सांडपाण्याचा गाळसुद्धा खत म्हणून चालत नाही. बाहेरून शेणखत आणले तर ते कोणत्या गोठ्यातले, हे सांगावे लागते. निंबोळी अर्क, ट्रायकोडर्मा, गंधक, मर्यादेत बोर्डो मिश्रण चालते. शेजारी रासायनिक शेती असेल तर मध्ये संरक्षक पट्टा ठेवावा लागतो. कोणी तुरीच्या दाट ओळी लावतो, कोणी शेवगा-गिरिपुष्पाचे कुंपण करतो. त्या पट्ट्यातला माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. म्हणजे आपली जमीन, आपली मेहनत, आणि त्यातली कडेची काही तासे शेजाऱ्याच्या पंपाच्या नावाने सोडून द्यायची.

वर्षातून किमान एकदा निरीक्षक येतो, आणि कधी न कळवताही येतो. चांगला निरीक्षक आधी घराची पडवी पाहतो. कोपऱ्यात युरियाचे रिकामे पोते दिसले, पंपाला उग्र वास आला, तर तो तिथून प्रश्न सुरू करतो. कृषी सेवा केंद्राच्या पावत्या तपासतो. एकरी उत्पादन आणि विक्रीचा मेळ लावतो. तीन एकरांतून आठ एकरांची तूर विकली गेली असेल तर ती पाच एकरांची तूर कुठून आली, हे विचारतो. संशय आल्यास मातीचा, पानाचा, मालाचा नमुना घेतो. या सगळ्यात शेतकऱ्याला सर्वांत जड जाते ती नोंदवही. नांगरणीपासून पोत्यापर्यंत प्रत्येक कामाची तारीख लिहायची. दिवसभर औत हाकलेल्या माणसाला रात्री वही घेऊन बसायला सांगणे सोपे नाही. अनेक घरांत ती वही शाळकरी मुलगी भरते, आणि ती परीक्षेला बसली की नोंदी थांबतात. पण माझे मत असे की सगळ्या व्यवस्थेत खरा प्राण या वहीत आहे. ती खरी असेल तर वरचे कागद उभे राहतात. ती एका रात्रीत बसून भरली असेल तर होलोग्रामसुद्धा उपयोगाचा नाही.

मग हाती येते ते व्याप्ती प्रमाणपत्र: अमुक गटात, अमुक पिके, अमुक अंदाजे उत्पादन. माल विकताना प्रत्येक व्यवहाराचे वेगळे व्यवहार प्रमाणपत्र निघते, म्हणजे कोणाकडून कोणाकडे किती किलो गेले याची साखळी. 2010 पासून हे ‘ट्रेसनेट’ या अपेडाच्या संगणक प्रणालीत नोंदले जाते. पुस्तकात ही साखळी सरळ दिसते. शेतात ती पिकागणिक वेगळ्या ठिकाणी अडते.

कापूस घ्या. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत दुकानातले बियाणे जवळजवळ सगळे बीटीच झाले. सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्याला बिनबीटी बियाणे लागते आणि ते गावच्या दुकानात मिळत नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे सरळ वाण दिले आहेत, त्यांची सरकी घरी राखून पुन्हा पेरता येते. पण ती जिनिंगमध्ये वेगळी पेलून घ्यावी लागते. त्याच रेच्यावर आधी शेजाऱ्याची बीटी पेलली असेल तर पुढच्या वर्षीचे बियाणे तिथेच बाटते. शेतकऱ्याने एक थेंब फवारलेला नसतो आणि त्याचा माल चाचणीत नापास होतो.

कोकणात अडचण वेगळी. हापूसला दरवर्षी आणि लवकर मोहोर यावा म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, घालण्याची पद्धत रुजली आहे. ते कृत्रिम वाढनियंत्रक आहे, सेंद्रियात चालत नाही, आणि मातीत बराच काळ राहते. बाग पिढीजात असली तरी कल्टार बंद केल्यावर तीन वर्षांचा हिशेब नव्याने सुरू होतो, आणि त्या वर्षांत झाड मोहोरायचे थांबले तर बागायतदाराने खायचे काय? नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड लावतात. तेही वर्ज्य. या भागात ‘रेसिड्यू फ्री’ द्राक्षे भरपूर मिळतात आणि प्रमाणित सेंद्रिय द्राक्षे क्वचित, यामागे हे एक कारण आहे. रेसिड्यू फ्री म्हणजे औषधे वापरली, पण काढणीच्या वेळी अवशेष ठरलेल्या मर्यादेखाली आले. त्यात गैर काही नाही. फक्त तो सेंद्रियाचा धाकटा भाऊ नव्हे, ते दुसरेच घर आहे.

एकट्याने प्रमाणपत्र काढणे दोन-चार एकरवाल्याला परवडत नाही. निरीक्षकाचा दिवस, प्रवास, प्रयोगशाळेची चाचणी हा खर्च शेत लहान असले म्हणून लहान होत नाही. यावर तोडगा म्हणून समूह प्रमाणीकरण आले. 25 ते 500 शेतकऱ्यांचा गट, त्याची अंतर्गत नियंत्रण व्यवस्था. गटाचे स्वतःचे तपासनीस प्रत्येक सभासदाच्या शेतात वर्षातून दोनदा जातात, आणि बाहेरची संस्था त्यातली निवडक शेते पुन्हा पाहते. किती शेते, यासाठी अनेक वर्षे सभासदसंख्येच्या वर्गमुळाचा हिशेब होता, जोखमीनुसार थोडा वाढवलेला. चारशे शेतकऱ्यांच्या गटात किमान वीस. मला ही कल्पना आजही उत्तम वाटते. विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या लहान शेतकऱ्याला परदेशी बाजाराचे दार याच वाटेने उघडले.

पण गट कोणाचा? बऱ्याच ठिकाणी अंतर्गत नियंत्रण निर्यातदार कंपनी किंवा सेवा पुरवणारी संस्था चालवत होती. तपासनीस तिचा नोकर, प्रमाणपत्र तिच्या नावे. शेतकऱ्याने तीन वर्षे कष्ट करून जमीन शुद्ध केली तरी कागद त्याच्या हातात नाही. कंपनीने भाव पाडला तर माल घेऊन दुसरीकडे जायची सोय नाही, कारण कंपनी सुटली की त्याची तूर पुन्हा साधी. काही ठिकाणी तर आपले नाव सेंद्रिय गटात आहे हेच शेतकऱ्याला ठाऊक नसल्याच्या तक्रारी आल्या. त्याच्या सातबाऱ्याची प्रत कुठल्याशा फाईलला जोडलेली, आणि तो मात्र नेहमीप्रमाणे युरिया टाकतो आहे. यापेक्षा वाईट फसवणूक मला सुचत नाही, कारण तिच्यात खरा सेंद्रिय शेतकरी आणि शेवटचा ग्राहक दोघेही लुटले जातात, आणि बदनामी मात्र सगळ्या गावाची होते.

त्याचा हिशेब पुढे चुकता करावा लागलाच. 2020 मध्ये सेंद्रिय वस्त्रांच्या जागतिक मानकाने, म्हणजे गॉट्सने, भारतातून सुमारे 20,000 टन कापूस बनावट व्यवहार प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून गेल्याचे उघड केले. खोट्या कागदावरचा क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळासारख्या दिसणाऱ्या नकली पानाकडे नेत होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेल्जियममध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साईड सापडले. हा वायू शेतात वापरत नाहीत. जंतू मारण्यासाठी माल साठवणुकीत किंवा प्रक्रियेच्या वेळी त्याची धुरी देतात. तीळ पिकवणाऱ्याचा यात काडीचा संबंध नव्हता. पण युरोपीय संघाने त्यानंतर भारतात काम करणाऱ्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली आणि त्यांच्याकडे नोंदलेल्या शेतकऱ्यांचा युरोपचा रस्ता बंद झाला. अमेरिकेने 2021 च्या जानेवारीत एनपीओपीशी असलेली मान्यतेची व्यवस्था संपवली. तिथे माल पाठवायचा तर त्यांच्या नियमांचे थेट प्रमाणपत्र हवे, असे ठरले. सेंद्रिय निर्यातीतला मोठा वाटा असलेल्या सोयापेंडीवर पुढच्याच वर्षी अमेरिकेने जादा शुल्क लावले. 2020-21 मध्ये भारताची सेंद्रिय निर्यात 8.88 लाख टन आणि सुमारे 104 कोटी डॉलर होती. 2023-24 मध्ये ती 2.61 लाख टन आणि सुमारे 49 कोटी डॉलरवर आली. तीन वर्षांत पैशाने निम्म्याहून कमी आणि वजनाने तिसऱ्या हिश्श्याहून कमी. 

युरोपच्या नव्या नियमावलीने गटाला कायदेशीर अस्तित्व असावे आणि प्रमाणपत्र त्या गटाच्या नावे असावे अशी अट घातली. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या एनपीओपीच्या आठव्या आवृत्तीनेही अंतर्गत नियंत्रण व्यवस्थेच्या जागी कायदेशीर दर्जा असलेले उत्पादक गट आणले. मला या बदलात आशा दिसते. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्थेच्या नावे कागद असला तर खरेदीदार बदलता येतो, भावावर बोलता येते. मात्र सहकाराचा आपला इतिहास सांगतो की संस्था कोणाच्या नावे आहे यापेक्षा ती कोणाच्या हातात आहे, हे पाहावे लागते.

दुसरी वाट कृषी मंत्रालयाची, सहभाग हमी पद्धत, म्हणजे पीजीएस. ही कल्पना ब्राझीलमध्ये इकोव्हिदा या जाळ्याने 1998 पासून मोठ्या प्रमाणावर राबवली. आपल्याकडे तिला आकार येण्यात गोव्यात 2006 मध्ये झालेल्या कार्यशाळेचा आणि तिथून काम करणाऱ्या सेंद्रिय शेतीच्या कार्यकर्त्यांचा मोठा वाटा आहे. सरकारी पीजीएस-इंडिया 2011 मध्ये सुरू झाली. किमान पाच शेतकऱ्यांचा गट, एकाच गावातले किंवा शेजारचे. सगळे मिळून प्रतिज्ञा घेतात, बैठका घेतात, एकमेकांची शेते पाहतात आणि एकमेकांची खात्री देतात. वर प्रादेशिक परिषद कागद तपासते. रूपांतरणाच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’, नंतर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. एनपीओपीत शेताचा एक तुकडा सेंद्रिय आणि दुसरा रासायनिक असू शकतो, वेगळेपणाच्या नोंदी ठेवून. पीजीएसमध्ये सगळी जमीन आणि गोठाही सोबत आणावा लागतो.

शेजाऱ्याने शेजाऱ्याला प्रमाणपत्र द्यायचे म्हणजे भाऊबंदकी नाही का, असे विचारणारे भेटतात. मी उलट बाजूने पाहतो. वर्षातून एकदा गाडीने येणाऱ्या निरीक्षकाला जे दिसत नाही ते शेजाऱ्याला पहाटे पाणी द्यायला जाताना दिसते. तणनाशक मारलेले रान आठवड्यात पिवळे पडते, ते गावापासून लपत नाही. गटातल्या एकाने चोरी केली तर पाचही जणांचा माल अडतो, म्हणून नजर राहते. ज्या गटात बैठका खरोखर होतात तिथे ही पद्धत कागदी व्यवस्थेपेक्षा भक्कम आहे. तिचा कमकुवतपणा वेगळा आहे. 2015 मध्ये परंपरागत कृषी विकास योजना आली: 50 एकरांचा समूह, तीन वर्षांत हेक्टरी 50,000 रुपये. अनुदानासाठी गट उगवले. कागदावर भेटी झाल्या, फोटो निघाले, आणि तीन वर्षे संपताच कित्येक गट विरले, कारण त्यांच्या मालाला कोणी वेगळा भाव देत नव्हते. शिवाय पीजीएसचा माल सेंद्रिय म्हणून निर्यात होत नाही.

महाराष्ट्रात या दोन वाटांच्या बाजूला तिसरी पायवाट आहे. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी देशी गाईच्या शेण-मूत्राचे जीवामृत गावोगाव पोचवले. त्यांच्या विचाराचे अनेक शेतकरी ‘सेंद्रिय’ हा शब्दच नाकारतात आणि ‘नैसर्गिक’ म्हणतात. आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी सुरू झालेल्या पंजाबराव देशमुख मिशनच्या नावातही आता ‘जैविक’च्या जागी ‘नैसर्गिक’ आहे. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये नैसर्गिक शेतीचे 2,481 कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले, त्यातही सोप्या प्रमाणीकरणाचे आश्वासन आहे. हेतू चांगला आहे, पण आणखी एक चिन्ह, आणखी एक वही? दुकानात उभ्या असलेल्या बाईंनी सेंद्रिय, जैविक, नैसर्गिक, विषमुक्त आणि गावरान यांतला फरक कसा ओळखायचा?

त्यांच्यासाठी कायदा आहे, फार थोड्यांना ठाऊक आहे इतकेच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम 2017 मध्ये आले आणि जुलै 2018 पासून लागू झाले. वेष्टनावर सेंद्रिय असा दावा करायचा तर एनपीओपी किंवा पीजीएसचे प्रमाणपत्र हवे, आणि ‘जैविक भारत’ हे हिरवे चिन्ह हवे, असे त्यांत ठरले. कीटकनाशकाचा अंश साध्या अन्नाच्या मर्यादेच्या 5 टक्क्यांपर्यंत, किंवा उपकरणाला मोजता येईल त्या किमान पातळीपर्यंत, यांत जे जास्त तेवढाच चालतो. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक थेट खाणाऱ्याला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, फक्त हे चिन्ह वापरता येत नाही. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. शेतकरी समोर उभा आहे, त्याला विचारता येते, त्याच्या शेतावर जाता येते, तिथे कागदाची गरज कमी. हात बदलत जातात तशी गरज वाढते.

हात बदलणे म्हणजे काय ते कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर समजते. ऊस प्रमाणित सेंद्रिय असला तरी गूळ आपोआप सेंद्रिय होत नाही. गुऱ्हाळाचे प्रमाणपत्र वेगळे. आधीच्या साध्या उसाचा रस चरकात, टाकीत, काहिलीत राहिलेला असतो, तो धुऊन काढावा लागतो. बाजारात पिवळाधमक गूळ हवा म्हणून काही जण रसात हायड्रॉस टाकतात. सेंद्रिय गुळात ते चालत नाही. मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरायची जुनी रीत मात्र चालते. तसा गूळ तांबूस-तपकिरी होतो. गुळव्या निष्णात असेल तर तो रवाळ आणि टिकाऊ होतो, नाहीतर पावसाळ्यात पाझरतो. मग साठवण वेगळी, ढेपेवर गट क्रमांक, वाहतुकीची नोंद. बाजार समितीत त्या तांबूस ढेपेकडे पाहून अडत्या म्हणतो, रंग नाही, भाव कमी.

रूपांतरणाच्या वर्षांतली तूर याच दुखण्यातून जाते. रसायन सोडल्यावर पहिल्या दोन हंगामांत उत्पादन बहुधा घटते, माती सावरायला वेळ घेते. निंदणाची मजुरी वाढते, कारण तणनाशक नाही. नियमाने माल अजून सेंद्रिय नाही, म्हणून सेंद्रियाचा भाव नाही. मोंढ्यात ती तूर शेजाऱ्याच्या तुरीच्याच ढिगावर ओतली जाते. सरकारची मदत निविष्ठांना मिळते, प्रशिक्षणाला मिळते, फलकाला मिळते. या दोन वर्षांतल्या तोट्याचा वाटा उचलणारी, संक्रमणातला माल वेगळा खरेदी करून वेगळ्या गोदामात ठेवणारी व्यवस्था राज्यात एखाद-दुसऱ्या गटापलीकडे मला दिसली नाही. सिक्कीमने 2003 मध्ये धोरण ठरवून रासायनिक निविष्ठांवर बंधने आणली आणि सुमारे 75,000 हेक्टर जमीन प्रमाणित करून 2016 मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य झाले. तिथे शेजारच्या फवारणीचा प्रश्न मिटला, कारण शेजारीही त्याच नियमात होता. पण विक्रीची वेगळी घडी नीट बसायला तिथेही वेळ लागला. आपल्याकडे पूर्ण राज्य कोणी मागत नाही. एका पाणलोटातली सलग चार गावे, एकच खरेदी केंद्र, एक स्वतंत्र डाळ मिल आणि बिनबीटी सरकी राखणारे एक जिनिंग, एवढे जमले तरी धुऱ्यावरच्या त्या शेतकऱ्याच्या तुरीच्या कडेच्या ओळी सोडाव्या लागणार नाहीत. तोवर तिसऱ्या वर्षीचा कागद हाती आला की तो फायलीत लावायचा, आणि पोती भरून मोंढ्याचा रस्ता धरायचा.